जॅकरॅबिटच्या वाटा

कॅनडातल्या स्कीप्रेमींमध्ये हर्मन स्मिथ-योहानसन यांचा विषय निघाला की आधी त्यांच्या वयाचीच चर्चा होते. १५ जून १८७५ला नॉर्वेतल्या होर्टेनमध्ये जन्म, ५ जानेवारी १९८७ला नॉर्वेतच मृत्यू. म्हणजे १११ वर्षांचं आयुष्य, आणि शंभरी ओलांडल्यावरही पायात स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या लांब पट्ट्या. आकडा थक्क करणारा आहे खरा, पण त्यापायी त्यांचं मोठं काम मागे पडतं, याची मला चुटपुट लागते. या माणसाने रानात स्कीच्या वाटा पाडल्या.

ते ज्या नॉर्वेत वाढले तिथे स्की म्हणजे हिवाळ्यात शेजारच्या घरी, रानात जाण्याचं साधन. खेळ म्हणून त्याची ओळख नंतरची. बर्लिनमध्ये अभियांत्रिकी शिकून ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेले आणि यंत्रं विकू लागले. गिऱ्हाइकं कॅनडाच्या उत्तरेकडे, पार आडरानात. रस्ते नव्हते, बर्फ उदंड होता, म्हणून हा विक्रेता स्कीवरून फिरे. तिथल्या क्री या आदिवासी लोकांशी त्यांचं छान जमलं. बघता बघता झाडीत दिसेनासा होणारा माणूस म्हणून त्यांना ‘जॅकरॅबिट’ हे नाव पडलं. जॅकरॅबिट म्हणजे तिकडचा लांब कानांचा, चपळ ससा.

मॉन्ट्रियलमध्ये तोवर स्की चांगली रुजली होती. तिथला स्की क्लब १९०४चा. सुट्टीच्या दिवशी स्कीवाल्यांनी भरलेल्या रेल्वेगाड्या शहराच्या उत्तरेकडच्या लॉरेन्शियन डोंगरांकडे निघत. महामंदीत योहानसन यांचा धंदा बसला. पन्नाशी उलटलेली, पदरी तीन मुलं. ते त्या डोंगरांतच राहायला गेले आणि १९३०च्या दशकात ‘मेपल लीफ ट्रेल’ आखली: लाबेल ते शॉब्रिज, सुमारे १२८ किलोमीटर. आखणीतली मेख अशी की वाट रेल्वेच्या आसपासच्या गावांना धरून जाई. सकाळी एका गावातून निघावं, संध्याकाळी पुढच्या गावातल्या खानावळीत टेकावं. बर्फावरची वाट तयार होते ती बर्फ नसताना. कुऱ्हाड घेऊन झुडपं तोडायची, आडवे पडलेले ओंडके हटवायचे, वाटेवर खुणा करायच्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्याच सुमाराला शॉब्रिजला मोटारीच्या इंजिनावर चालणारा दोर आला. दोर धरायचा, वर ओढलं जायचं, घसरत खाली यायचं. योहानसन यांचं मन मात्र क्रॉस-कंट्रीत, म्हणजे स्कीवरून रानातून लांबवर जाण्यात होतं. त्यात टाच मोकळी असते. स्कीच्या मधल्या कमानीखाली मेण लावतात. पाय दाबला की बर्फाचे कण त्या मेणात रुततात आणि चढावर पकड मिळते, भार हलका झाला की स्की सुटून पुढे घसरते. चढ आपल्याच दमाने चढायचा. त्यांच्या दीर्घायुष्याचं कारण कोणी यात शोधतात. मी तसा दावा करणार नाही. पण शंभरीनंतर जे पाय चालले ते या सवयीचे होते.

पुढे महामार्ग आला, वस्ती वाढली आणि ट्रेलचे तुकडे झाले. १९६७पासून कॅनेडियन स्की मॅरेथॉन होऊ लागली: दोन दिवस, सुमारे १६० किलोमीटर. तिथे त्यांना मोठा मान होता. १९७२मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. कॅनडातले क्लब लहान मुलांना ज्या कार्यक्रमात क्रॉस-कंट्री शिकवतात, त्याचं नावच ‘जॅकरॅबिट्स’ आहे.

मृत्यू नॉर्वेत आला, पण त्यांचं दफन सेंत-सोव्हरला झालं, त्याच लॉरेन्शियन डोंगरांत.