१२४८ सीसी इंजिनाची कूळकथा

मारुतीच्या शोरूममध्ये आज एकही डिझेल गाडी नाही. हे २०१२ साली कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तेव्हा डिझेल स्विफ्ट आणि डिझायरसाठी लोक महिनोन्‌महिने नंबर लावून बसले होते. त्या गर्दीमागे इंजिन एकच होतं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, मारुती डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट. गाडीवेड्यांनी त्याचं नाव ‘राष्ट्रीय इंजिन’ ठेवलं होतं, आणि मला ते नाव शंभर टक्के मान्य आहे.

आपल्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा ‘पिकअप कसा आहे?’. एक हवं तर दुसरं सोडायचं, असाच अनुभव वर्षानुवर्षं होता. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाचं १४०५ सीसी डिझेल इंजिन खर्चाला स्वस्त होतं, पण बिनटर्बोचं, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा नसलेलं. ताकद जेमतेम ५३ अश्वशक्ती. झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये प्यूजोचं १५२७ सीसी इंजिन होतं, तेही त्याच वळणाचं. चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा तर एसी बंद करायचा, हा त्या काळचा रिवाज.

हे चित्र पालटण्याचं मूळ इटलीत आहे. जुन्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब पंपावर आणि पंप इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. इंजिन हळू फिरत असलं की दाब कमी, फवारा जाडाभरडा, म्हणून धूर आणि टकटक. फियाटच्या संशोधकांनी यावर काढलेला उपाय सांगायला सोपा आणि करायला महाकठीण होता: सगळ्या सिलिंडरना मिळून एकच जाड नळी ठेवायची, तिच्यात इंधन कायम प्रचंड दाबाखाली भरून ठेवायचं आणि फवारा कधी, किती सोडायचा हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरवर सोपवायचं. हीच कॉमन रेल. पैशाच्या अडचणीत असलेल्या फियाटने हे तंत्र नव्वदच्या दशकात जर्मनीच्या बॉश कंपनीला दिलं. बॉशने ते कारखान्यात उतरवलं आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून ते रस्त्यावर आलं.

मल्टिजेट ही त्याची पुढची पायरी. एका फेरीत इंधन एकदम न सोडता पाचपर्यंत हप्त्यांत सोडायचं. आधी चिमूटभर इंधन जातं, ते पेटून सिलिंडर तापवतं. मग मुख्य फवारा येतो तेव्हा भडका एकदम न होता ज्वलन सलग होतं. आवाज मऊ होतो, धूर घटतो आणि थेंब न थेंब कामी येतो. पेट्रोल इंजिन मिश्रण साधारण दहापट दाबतं, हे इंजिन हवा सतरा-अठरापट दाबतं. त्यात डिझेलमध्ये मुळातच लिटरमागे दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा. ॲव्हरेजचं गणित इथेच जुळतं.

फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत २००३ साली हे १.३ लिटरचं इंजिन तयार झालं. पुढे दोघांचं फाटलं, २००५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १.५५ अब्ज युरो मोजून सुटका करून घेतली. पण इंजिनावरचा हक्क दोघांकडेही राहिला. म्हणूनच तळेगावला बनलेल्या शेव्हरोले बीट डिझेलमध्ये ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. १२४८ ला चाराने भागून तीनाने गुणा, बरोबर ९३६ येतात. एक सिलिंडर कमी केला, एवढंच.

भारतात जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली आणि हे इंजिन खऱ्या अर्थाने घराघरांत पोचलं. पेट्रोल स्विफ्टची ताकद ८७ अश्वशक्ती, डिझेलची ७५. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, पेट्रोलचा ११३ न्यूटन मीटर, डिझेलचा १९०. घाटात उपयोगी पडतो तो टॉर्क. दोन हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांच्या, खाली टर्बो झोपलेला असतो, तिथे गाडी जडच वाटते. खंबाटकीच्या वळणावर एक गिअर खाली टाकून काटा दोन हजारांपलीकडे नेला की पाठ सीटला टेकते. ते पहिल्यांदा अनुभवलं तेव्हापासून मी या इंजिनाच्या प्रेमात आहे.

सरकारी धोरणही त्याला पावलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. इंजिनाची अट मात्र पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसी. १२४८ अलगद आत बसलं. १२९८ सीसीची पेट्रोल स्विफ्ट बाहेर राहिली आणि पुढे तिला ११९७ सीसीचं नवं इंजिन द्यावं लागलं. डिझायरने तर २०१२ मध्ये शेपूटच कापून घेतलं: ४१६० मिलीमीटरवरून ३९९५.

त्याहून मोठा हात इंधनाच्या दरांचा होता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे सरकारच्या हाती राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. मारुतीला स्वतःची इंजिनं अपुरी पडू लागली. जानेवारी २०१२ मध्ये तिने फियाटशी वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा तीन वर्षांचा करार केला. ती येणार होती आपल्या रांजणगावातून. जिथे पुंटो आणि लिनियाला हे इंजिन बसत होतं, टाटाच्या व्हिस्टा आणि मांझालाही तिथूनच मिळत होतं, त्याच कारखान्यातून प्रतिस्पर्ध्यालाही. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने आपल्या रिओ गाडीत हेच बसवलं.

मग वारं फिरलं. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. दोन इंधनांतली दरी बुजत गेली. गंमत अशी की इंजिन त्याच वर्षांत सर्वांत बहरात होतं. २०१७ च्या डिझायर डिझेलला प्रमाणपत्र मिळालं लिटरमागे २८.४० किलोमीटरचं. चाचणीतला हा आकडा रस्त्यावर कुणाला मिळत नाही, पण हायवेवर विशी पार करणं तिला जड नव्हतं.

शेवट केला तो बीएस ६ या धुराच्या प्रदूषणावरच्या नव्या नियमाने. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. त्यासाठी धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड उतरवणारी यंत्रणा हवी. हा खर्च वीस लाखांच्या गाडीत मुरतो, सात लाखांच्या गाडीत मुरत नाही. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने डिझेल सोडत असल्याचं जाहीर केलं आणि १ एप्रिल २०२० ला नियम लागू होईपर्यंत १२४८ सीसीचं उत्पादन भारतात थांबलं होतं. हवेसाठी हा नियम गरजेचाच होता, हे मी मान्य करतो. तरी त्या इंजिनाची हळहळ वाटायची ती वाटतेच.

त्याचा थोरला भाऊ, १९५६ सीसीचा मल्टिजेट, बीएस ६ मधून तरला. जीप कंपास, टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टर या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत १७० अश्वशक्तीने तोच धावू लागला, आणि तोही रांजणगावचाच.