खांद्याच्या फऱ्याची हालचाल : नुसत्या नजरेवर किती विसंबायचं?

हात डोक्यावर नेताना पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड (स्कॅप्युला), खांद्यासोबत फिरत असतो. हात 180 अंश वर गेला तर ढोबळमानाने त्यातले 120 अंश दंडाच्या हाडाचे आणि 60 अंश फऱ्याचे. ही लय बिघडून फऱ्याची आतली कड किंवा खालचं टोक पाठीतून वर उचललं जातं, तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याला स्कॅप्युलर डिस्कायनेसिस म्हणतात. तपासणी बहुतेकदा नजरेनेच होते. रुग्ण पाठमोरा उभा राहून हात वर-खाली करतो आणि तपासणारा मागून पाहतो.

पण दोन तपासणारे एकाच पाठीकडे पाहून तेच सांगतील का? इथे साधी टक्केवारी फसवी ठरते. समजा, दोघेही शंभरातल्या 80 जणांना 'नॉर्मल' ठरवतात. त्यांनी न पाहता, अंदाजपंचे उत्तरं दिली तरी 68 वेळा ती जुळतील! म्हणून योगायोगाचा हा वाटा वगळून 'कॅप्पा' काढतात. योगायोगाइतकंच जुळलं तर 0, पूर्ण एकमत झालं तर 1. किबलर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये चार प्रकारांत वर्गीकरण करून पाहिलं, तेव्हा दोन तपासणाऱ्यांमधला कॅप्पा 0.4 च्या आसपास आला. 2009 मध्ये मॅक्लूर यांच्या गटाने खेळाडूंच्या हातात त्यांच्या शरीराच्या वजनानुसार 1.4 किंवा 2.3 किलोची वजनं दिली आणि दोष 'नाही, थोडा, स्पष्ट' एवढंच विचारलं. कॅप्पा 0.48 ते 0.61 वर गेला. भार आला की कमकुवत स्नायू लपत नाहीत, विशेषतः हात खाली आणताना. तरीही हे एकमत मध्यमच.

यात नवल नाही. फरा एकाच वेळी तीन दिशांनी कलतो, तोही त्वचा आणि स्नायूंच्या थराखाली. शिवाय रुग्णाचा खांदा दुखतो हे आधीच माहीत असेल, तर दोष जास्त दिसू लागतो. 2017 च्या एका अभ्यासात नेमकं हेच आढळलं.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. ज्यांचा खांदा अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांतही हा दोष दिसतो. त्यामुळे 'तुमचा फरा वाकडा हलतो' एवढ्यावरून घाबरू नका. तपासणारे फऱ्याला स्वतःच्या हाताने आधार देऊन तो योग्य दिशेने फिरवत तुम्हाला पुन्हा हात वर करायला सांगतात का, ते पाहा. त्याने दुखणं लगेच कमी झालं, तर फऱ्याच्या व्यायामांवर मेहनत घेण्याला ठोस कारण मिळतं.