रेडियल क्लबहँड : मनगट सरळ करण्याच्या आग्रहाचा इतिहास

कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड म्हणजे रेडियस. ते जन्मतः नसले की मनगट त्या बाजूला वाकते; हाच रेडियल क्लबहँड. अशा हातांचे पहिले वर्णन १७३३ चे. ते एका नवजात अर्भकाच्या शवविच्छेदनातून आले. शस्त्रक्रियेची कल्पना १८९३ मध्ये पुढे आली : मनगटाची काही हाडे काढून पंजा उरलेल्या दुसऱ्या हाडाच्या, म्हणजे अल्नाच्या, टोकावर मधोमध बसवायचा. हेच सेंट्रलायझेशन. मधल्या काळात नडगीचा किंवा तिच्या शेजारच्या फिब्युला हाडाचा तुकडा रेडियसच्या जागी बसवून पाहिला गेला, पण मूल वाढले तरी तुकडा त्याच प्रमाणात वाढेना.

मग थॅलिडोमाइड आले : गर्भवतीने घेतल्यास बाळाच्या हातापायांत व्यंग आणणारे औषध. पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ पासून विकले जाणारे हे औषध नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतले गेले, तोवर जगभरात १०,००० हून अधिक बाळांना त्याची झळ बसली होती. एरवी क्वचित दिसणारे हात सर्जनांपुढे एकाएकी रांगेने आले. महायुद्धांत अंगठा गमावलेल्यांसाठी घडलेले पोलिसायझेशन, म्हणजे तर्जनी फिरवून तिचा अंगठा करणे, जन्मतः अंगठाही नसलेल्या लहान मुलांसाठी तेव्हाच घोटले गेले. १९७१ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेली पद्धत आजही पायाभूत मानतात. त्यात तर्जनीचे पेर अंगठ्याच्या तळव्यातल्या हाडाचे काम करते. या शाखेतले सर्वांत देखणे काम हेच, असे माझे मत.

मनगटाचे प्रकरण इतके सरळ नाही. ‘सेंट्रलायझेशन’ हा शब्दच फसवा आहे. कुणी मनगटात खाच करून अल्ना आत रोवतो, कुणी हाडाला हातही न लावता नुसते स्नायुबंध हलवतो. १९८५ मध्ये पंजा अल्नाच्या पलीकडे जरा जास्तच सरकवण्याची पद्धत आली, तिला ‘रेडियलायझेशन’ हे वेगळे नाव मिळाले. पण जुन्या अहवालांत एकाच नावाखाली निरनिराळ्या शस्त्रक्रिया मोजलेल्या सापडतात, आणि यश ठरते ते एक्स-रेवरच्या कोनावरून. काही वर्षांत मनगट पुन्हा वाकते, हे बहुतेक सगळेच मान्य करतात. अल्ना मुळातच आखूड, पूर्ण वाढीनंतरही नेहमीच्या लांबीच्या साधारण ६० टक्केच. त्यात खाच करताना तिच्या वाढीच्या चकतीला धक्का लागला तर आणखी खुंटते.

शिवाय कोपर. ते वाकत नसेल, तर वाकड्या मनगटामुळेच घास तोंडापर्यंत पोहोचतो. अशा मुलाचे मनगट सरळ केले की हात दिसायला नीट होतो आणि मूल जेवायला दुसऱ्यावर अवलंबून राहते. म्हणून ताठ कोपर असेल तर शस्त्रक्रिया करू नये, हा नियम पाठ्यपुस्तकांत आहे.

पुढे बाहेरून चौकट लावून आधी मऊ ऊती हळूहळू ताणण्याची रीत रुळली. १९९८ मध्ये फिनलंडमधून पायाच्या बोटाचा सांधा रक्तवाहिन्यांसकट मनगटाखाली टेकू म्हणून बसवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. हा जिवंत सांधा मुलाबरोबर वाढतो; अर्थात त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास काम करणारा चमू हवा.

हाताच्या आधी रक्त, हृदय आणि मूत्रपिंडे तपासण्याची शिस्तही हळूहळू पक्की झाली. दोन्ही रेडियस नाहीत पण अंगठे आहेत, असे बाळ असेल तर प्लेटलेट्स कमी असण्याची शंका प्रथम घेतात आणि त्या वाढेपर्यंत सुरी दूर ठेवतात.