परदेशातून पासपोर्ट रिन्यू करताना : फॉर्म भरण्याआधी जुना पासपोर्ट नीट वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ कुवेतला आहे, पासपोर्ट संपत आलाय, इथून रिन्यू करून द्या." चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, सगळीकडून हीच विचारणा येते. म्हणून उत्तर एकदाच सविस्तर देतो.

इथून रिन्यू होत नाही. माणूस ज्या देशात राहतो, तिथल्या भारतीय एम्बसीकडे किंवा कॉन्सुलेटकडे त्याने स्वतः अर्ज करायचा. इथल्या पासपोर्ट केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे समोर बसवून घेतात, त्यामुळे वडील किंवा बायको त्याच्या वतीने जाऊ शकत नाहीत. "आत ओळख आहे, करून देतो" असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. अर्जात खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि असा मिळवलेला पासपोर्ट जप्तही होतो.

इथून होण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फॉर्म. परदेशातला अर्जही पासपोर्ट सेवेच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनच भरायचा असतो. तो आम्ही इथे भरतो, त्याची पीडीएफ तुमच्या माणसाला व्हॉट्सॅपवर पाठवतो. तो प्रिंट काढून सही करतो, अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स, इकामा (तिकडचा राहण्याचा परवाना) किंवा सिव्हिल आयडीची (तिकडच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, फोटो आणि फी घेऊन तिकडच्या केंद्रावर जातो. पासपोर्ट कंपनीच्या मंदूबकडे (कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे) ठेवलेला असेल तर तो चार दिवस आधीच मागून घ्यावा. अपॉइंटमेंटच्या सकाळी मंदूब फोन उचलेलच असं नाही.

ऑफिस निवडताना राहण्याचं ठिकाण बघा. सौदीत दम्माम, खोबरवाल्यांचा अर्ज रियाधच्या एम्बसीकडे जातो, मक्का-मदिनावाल्यांचा जेद्दाच्या कॉन्सुलेटकडे. दुबई, शारजासाठी दुबईचं कॉन्सुलेट, अबू धाबीसाठी तिथली एम्बसी. कुवेत, कतार, ओमान, बहारीनला हा प्रश्नच नाही, तिथे एम्बसी एकच.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. ती नावाची आहे.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन अंगं. पासपोर्टला रकाने दोनच, सरनेम आणि गिव्हन नेम. समजा संतोष गणपत पवार. जुन्या पासपोर्टवर सरनेम 'पवार' आणि गिव्हन नेम 'संतोष गणपत' आहे. त्याच्या आधारवर 'संतोष गणपत पवार', दहावीच्या सर्टिफिकेटवर 'पवार संतोष गणपत', कंपनीच्या कार्डावर नुसतं 'संतोष पवार'. तिकडचा टायपिंगवाला कंपनीचं कार्ड बघून गिव्हन नेममध्ये 'संतोष' टाकतो आणि 'गणपत' वडिलांच्या रकान्यात आहेच म्हणून सोडून देतो. वाचताना यात काही चुकलंय असं वाटतही नाही. पण जुन्या नोंदीत दोन शब्द आणि नव्या अर्जात एक, म्हणजे सरकारच्या लेखी हे नाव बदलणं झालं. फॉर्ममध्ये कारण मात्र 'मुदत संपत आली' असं दिलेलं. अर्ज अडकतो, नवा फॉर्म, नवी अपॉइंटमेंट, साईटवरून पुन्हा एक सुट्टी. आणि कुणाच्या लक्षात न येता पासपोर्ट तसाच छापून आला तर त्याहून वाईट. मग इकामा एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि इथल्या बँकेतलं एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्यांचं खातं) तिसऱ्याच नावाचं.

स्पेलिंगचंही तेच. पवारमध्ये पहिल्या अक्षरानंतर ए की ओ, परकारमध्ये के की सी, शेखच्या शेवटी एच आहे की नाही. मोहम्मद तर कितीतरी तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, काही जुन्या पासपोर्टवर एम-ओ-एच-डी एवढाच. तो 'नीट' लिहावा असा मोह होतो. परस्पर नीट करू नका. सुधारायचंच असेल तर फॉर्ममध्ये 'वैयक्तिक माहितीत बदल' हा पर्याय निवडून, कागद जोडून करायचं. ते काम वेगळं आहे आणि त्याला वेळ जास्त लागतो.

आडनाव नेमकं कुठे संपतं हे ठरवायची खात्रीची जागा म्हणजे फोटोच्या पानावर सगळ्यात खाली असलेल्या दोन लांब ओळी, ज्या मशीन वाचतं. पहिल्या ओळीत इंग्रजी पी, मग आयएनडी, मग आडनाव. आडनावानंतर बाणासारख्या दोन खुणा एकाला एक लागून येतात. त्यापुढे गिव्हन नेममधल्या दोन शब्दांमध्ये एकच खूण असते. जोडखुणेच्या अलीकडचं सगळं सरनेममध्ये, पलीकडचं सगळं गिव्हन नेममध्ये, अक्षर न अक्षर तसंच.

सरनेमचा रकाना कोरा असलेले जुने पासपोर्ट अजून येतात. अख्ख्या पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर या खेपेला आडनाव जोडून घ्याच, कारण अशा पासपोर्टवर यूएईने २१ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसा बंद केला आहे. मात्र तेही 'बदल' म्हणूनच नोंदवायचं.

म्हणूनच आमच्याकडे नुसत्या आधार कार्डावर फॉर्म भरून मिळत नाही. पासपोर्टच्या फोटोच्या आणि शेवटच्या पानाचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही, आणि सबमिट करण्याआधी तुमच्या माणसाला फोन लावून एकेक अक्षर वाचून दाखवतो. तिकडे दहा मिनिटांत होतं ते इथे तासभर का, असं लोक विचारतात. तो तास या वाचनात जातो, आणि तो आम्ही कमी करणार नाही.

दुसरी अडचण गावच्या पत्त्याची. परदेशातल्या अर्जातही भारतातला पत्ता द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणी लागली तर ती इथल्या पोलीस ठाण्यात येते. 'मु. पो. अमुक, ता. खेड' एवढ्यावर हवालदाराला घर सापडत नाही. एका गावात दहा वाड्या आणि एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं. वाडीचं नाव, ग्रामपंचायतीचा घर नंबर, पोस्ट, पिनकोड पूर्ण लिहा. फोन नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा द्या. घर फक्त गणपती-शिमग्याला उघडत असेल तर शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'सदर इसम पत्त्यावर राहत नाही' असा शेरा जातो आणि तो पुसायला फार खेटे पडतात.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून, चेहरा चौकटीचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापेल असा. पांढरा शर्ट नको. मोबाईलमधला चेहरा उजळणारा फिल्टर तर अजिबात नको.

पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का असेल तर तो काढून घ्यायची हीच वेळ. दहावी पास असाल तर सर्टिफिकेट जोडा. दहावी नसली तरी परदेशात तीन वर्षांहून जास्त राहिल्याचा पुरावा चालतो. पुढच्या वेळी नोकरी बदलून आखातात जाताना त्या मंजुरीची, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्सची, धावपळ वाचेल.

अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. नऊ-दहा महिने उरले की लागाच. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत असली की बऱ्याच देशांत प्रवेशाला अडचण येते, आणि कुवेतमध्ये तर इकाम्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जातच नाही.

सुट्टीवर गावी आलेल्यांना इथेही रिन्यू करता येतं, पण मग सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात या, परतीचं तिकीट आठवड्यावर आलेलं असताना नको. सध्या ३६ पानांना १५०० रुपये, ६० पानांना २००० आणि तत्काळला वर आणखी २००० अशी सरकारी फी आहे. बोटीवर काम करणाऱ्यांना आमचा सल्ला सरळ आहे : साइन ऑफ करून (बोटीवरचं काम संपवून) घरी आलात की इथेच करा आणि ६० पानांचाच घ्या. सीडीसीवरचं (खलाशाच्या नोंदपुस्तकावरचं) नाव पासपोर्टशी जुळतंय का तेही तेव्हाच बघा.

नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो. जुना कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. तो फेकू नका. त्यातला व्हिसा चालू असेल तर प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर लागतात. सौदीवाल्यांनी पोहोचल्यावर कंपनीकडून नकल मालूमात करून घ्यायची, म्हणजे इकाम्याला नवा नंबर जोडला जातो. इथल्या बँकेत एनआरई खात्याच्या केवायसीसाठी नव्या पासपोर्टची झेरॉक्स द्या. हे करायचं राहून गेल्याचं बहुतेकांना खातं अडकल्यावरच कळतं.

पासपोर्ट परदेशात हरवला तर आधी तिथल्या पोलिसांची तक्रार, मग एम्बसी. तातडीने घरी यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ज्याला सगळे आऊटपास म्हणतात. ते फक्त भारतात येण्यापुरतं, एकाच प्रवासाचं असतं.

फॉर्मसाठी आम्हाला पाठवायचं ते असं : पासपोर्टच्या फोटोच्या आणि शेवटच्या पानाचा फोटो (चारही कोपरे दिसले पाहिजेत, प्लास्टिकवर लाईटची चमक नको), इकामा किंवा सिव्हिल आयडी, तिकडचा पत्ता, गावचा पूर्ण पत्ता, स्वतःचा ईमेल, आणि तिकडच्या वेळेनुसार फोनवर निवांत बोलता येईल अशी एक वेळ. शुक्रवारी बहुतेकांना सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी आम्ही रात्री उशिरापर्यंत फोन घेतो.