नागपूरचं घर तापतं ते वरून

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात घरोघरी एकच तक्रार असते: रात्रीचे बारा वाजले तरी पंखा गरम हवाच फेकतो. २६ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य शहराच्या अगदी माथ्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन जवळपास लागतच नाही. गच्चीच्या दर चौरस मीटरवर मात्र हजार वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. काळवंडलेला स्लॅब तिचा मोठा भाग शोषतो आणि काही तासांनी, नेमका निजायच्या वेळी, खाली खोलीत सोडतो.

पर्यावरण अभियंता म्हटलं की सांडपाण्याचे प्रकल्प आणि हवेतल्या धुराची मोजणी डोळ्यांपुढे येते. १९५८ पासून नीरीसारखी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था शहरात असल्यावर ते साहजिकच आहे. पण स्थापत्यात पदवी आणि पुढे नागपुरातल्या व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेत पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. केलेला माणूस मुळात जमाखर्च शिकतो: उष्णता आणि पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठे जातं. हा जमाखर्च घराच्या नकाशावर मांडणं हे आता करिअर होऊ शकतं, आणि नागपूरइतकी त्याची गरज फार थोड्या शहरांना असेल.

सुरुवात गच्चीपासून. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार छतातून उष्णता पार होण्याचा दर, म्हणजे यू-व्हॅल्यू, दर चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॅटच्या वर नसावा. नुसत्या काँक्रीट स्लॅबचा तो तीनच्या पुढे असतो. म्हणून स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरश्या. ताजा पांढरा थर बहुतेक ऊन परत पाठवतो. धूळ बसली की गुण उतरतो, तेव्हा दर उन्हाळ्याआधी गच्ची धुणं आलंच.

मग कूलर. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेतं; तेवढी उष्णता बाहेर टाकायला दीड टनाच्या एसीला साडेसात मिनिटं लागतात. मेच्या कोरड्या हवेत याहून स्वस्त थंडावा नाही. मात्र हे पाणी पेंच धरणावरून ऐन टंचाईत येतं, आणि जुलैत हवा दमट झाली की कूलर निकामी ठरतो. छताचं काम दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतं, म्हणून मी त्याला पहिला नंबर देते.

पाण्याची दुसरी बाजू पावसाची. शंभर चौरस मीटर गच्चीवर १,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी, आणि नागपुरात साधारण वर्षी एवढा पाऊस पडतोच. ते जिरवायला शोषखड्डा करतात. पण काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. अशा प्लॉटवर खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो, पायापासून लांब. त्याची जागा जोतं बांधायच्या आधीच नकाशावर ठरलेली हवी.