पूर्वाश्रमीची मैत्रीण

पुण्यातल्या कन्याशाळांच्या जुन्या तुकड्या एकत्र येऊ लागल्या की पहिलं घोडं अडतं नावांवर. हजेरीपटात एक नाव, आधारकार्डावर दुसरंच. जुनी मैत्रीण शोधायची कशी?

भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. घराबाहेर मैत्रीण मिळायची वाट उघडली, पण परकर सुटायच्या आत लग्न ठरलेलं. कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १९२९ मध्ये १४ केलं, १९७८ मध्ये १८. जिवलग मैत्रिणींच्या जोडगोळ्यांचा खरा काळ सत्तर-ऐंशीचं दशक. सायकलवर डबलसीट, लक्ष्मी रोडवरून एकाच ताग्यातलं कापड घेऊन शिवलेले सारखे ड्रेस, आणि तिसरीशी जास्त बोलली म्हणून पंधरा-पंधरा दिवस अबोला. घरचे हसत: नवरा-बायकोसारख्या भांडतात नुसत्या!

मग लग्न. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं. कित्येक घरांत आडनावाबरोबर पहिलं नावही जाई. फोन डिरेक्टरीत नाव सासऱ्यांचं. आंतर्देशीय पत्र सासरी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नसे, म्हणून मजकूर 'इकडे सर्व क्षेम'च्या पुढे सरकत नसे.

अशा बाईला यादीत 'पूर्वाश्रमीची अमुक' लिहितात. शब्द मुळात संन्याशाचा. संन्यासी स्वतःचं श्राद्ध उरकतो, नाव टाकतो, मागची नाती तोडतो. गृहस्थाश्रम हाही आश्रमच, म्हणून शब्द बरोबर आहे, असा बचाव करणारे पुण्यात कमी नाहीत. पण आश्रम नवऱ्याचाही बदलतो. त्याला 'पूर्वाश्रमीचा' कोणी लिहीत नाही. 'माहेरचं नाव' हा सौम्य पर्याय. त्यातही माहेर भावाचं, वडिलांचं. भाऊबीजेला हक्काने जाता येतं. मैत्रिणीसाठी पंचांगात तिथी नाही.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही, कधी नव्हतीही. तरी बदल होत राहिले. फेसबुक आल्यावर बायकांनी कंसात जुनं आडनाव घातलं, तेव्हा कुठे शोध लागू लागले. आता व्हॉट्सॲपच्या गटात चाळीसजणी सापडतात. जिच्यासोबत सायकल होती, ती सकाळच्या फुलांच्या फोटोला अंगठा देते.