नाचल्याने गुडघे झिजतात?

"साठी उलटली, आता गुडघे जपा, नाचबिच बंद." खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाची मिरवणूक निघाली, वाजंत्रीने ताल धरला की धुळे-जळगावकडे एखाद्या आजीला हे हमखास ऐकवलं जातं. गुडघा म्हणजे जणू गाडीचा टायर, जितका फिरेल तितका झिजेल! हा समज चुकीचा आहे.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की सैल होते, आणि त्यातूनच सांध्यातल्या द्रवातलं पोषण तिच्यात शिरतं. बसून राहिलं तर मांडीचे स्नायू मात्र भराभर रोडावतात आणि गुडघ्याचा आधार जातो. म्हणूनच झिजेच्या संधिवातातही व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सुचवते, शिवाय किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. भाजी शिजेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीवरून उठणं, इतकं घरातही जमतं. नाचात तर वजन सारखं या पायावरून त्या पायावर जातं, वर तालाकडे लक्ष, म्हणजे तोलाचा सरावच. (आजी पडायची भीती मिरवणुकीपेक्षा ओल्या मोरीत जास्त.)

फुगडी वेगळी. चक्कर येणाऱ्यांनी, हाडं ठिसूळ झालेल्यांनी ती टाळावी. गुडघा सुजून गरम लागत असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर.